राखीव नमुना

तृप्तीच्या एकेचाळिसाव्या दिवशी केतकी जामदारने भडंगाच्या तीन वाट्या चाखल्या, मधली पुढे सरकवली आणि म्हणाली, "हिच्यात लसूण जास्त तळलाय. मिनिटभर."

खालून कढईची नोंदवही मागवली. मिनिटभरच निघाला.

कोल्हापुरेसाहेबांना गहिवरून आलं. सांगलीजवळच्या त्या भडंगाच्या कारखान्याचे ते व्यवस्थापक. चवीबद्दल त्यांना स्वतःचं मत नव्हतं, पण ज्यांना असतं त्यांच्याविषयी आदर होता. "मॅडम, तुम्ही बाळंतपणाची रजा नाही घेतलीत तरी आमची काही हरकत नाही," ते म्हणाले आणि हसले. केतकी हसली नाही. राग आला म्हणून नव्हे. हसायला काही कारण दिसलं नाही म्हणून.

चाखण्याच्या तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'आवडलं का?' पाच आठवडे ती तो कोरा सोडत होती. मग तिने लेखी कळवलं, की तपासनिसाच्या आवडीचा मालाशी संबंध नाही, सबब रकाना काढून टाकावा. साहेबांनी तो काढलाच, वर तिचं पत्र आदर्श म्हणून सगळ्या विभागांत फिरवलं.

तृप्ती म्हणजे दंडावर चिकटवायची बिस्किटाएवढी गोल पट्टी.

गरोदरपणात वार स्वतःची संप्रेरकं सोडते आणि ती आईच्या इन्शुलिनला धड काम करू देत नाहीत. हा काही वारेचा खोडसाळपणा नव्हे. आईच्या रक्तातली साखर बाळासाठी राखून ठेवायची ती जुनी व्यवस्था. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन बनवून निभावून नेतं, काहींचं थकतं. साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच इन्शुलिन बनवू लागतं, त्यावर नको तेवढं गुबगुबीत होतं, आणि नाळ कापली की बाहेरची साखर बंद, आतलं इन्शुलिन चालूच. जन्मल्याजन्मल्या त्याची साखर कोसळते. यावरचा उपाय जुनाच होता: मोजून खा, चाला, बोट टोचून बघा, लागलं तर इन्शुलिन घ्या. उपायात खोट एवढीच, की तो बाईने करायचा होता आणि बाईला डोहाळे लागत होते.

तृप्ती बनवणाऱ्यांनी डोहाळ्यांचाच बंदोबस्त केला. हात डब्याकडे जाण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी मेंदूत 'हवंसं वाटणं' सुरू होतं. त्याचा भुकेशी संबंध असतोच असं नाही. पट्टीच्या केसाएवढ्या सुया दर पाच मिनिटांनी साखर मोजत, या हवंसं वाटण्याची चाहूल ओळखत आणि ते वर येण्याआधीच एक रेणू सोडत. रेणू एवढा मोठा, की वार त्याला आत घेत नसे, बाळ सुरक्षित. पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या लांबलचक मज्जातंतूला तो एवढंच सांगे: झालं, मिळालं. तरीही उरलीसुरली साखर पट्टीतलं इन्शुलिन बघून घेई.

मेंदूत 'पेढा हवा' आणि 'नवरा जवळ हवा' यांचे वेगवेगळे विभाग नसतात, ही गोष्ट माहितीपत्रकात अकराव्या पानावर होती. 'काही महिलांना सर्वसाधारण आवडीनिवडीत सौम्य घट जाणवू शकते.' हे वाक्य तेवढं चुकीचं होतं. घट जाणवत नसे. घट होती ती हीच.

घरी सगळे खूश होते. तृप्तीचा आकडा घरातल्या पाच जणांच्या फोनवर दिसायचा, हिरव्या चौकटीत. नवरा निनाद सकाळी दात घासायच्या आधी तो बघायचा. "ब्याण्णव!" तो मोरीतून ओरडायचा. "उपाशीपोटी ब्याण्णव! तुझ्यासारखी बाई नाही गं!"

खरं तर आता त्याला फार काही करावं लागत नव्हतं. सिनेमा कुठला? कुठलाही. पडदे कुठले? कुठलेही. माहेरी जायचं का? जाऊ, नाही तर नको. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि एवढा एकोपा त्यांच्यात कधीच नव्हता.

सासूबाई, म्हणजे वैजयंतीबाई, शेजारणीला सांगायच्या, "आमच्या वेळी नुसता हैदोस घालायच्या बायका. चिंचा आण, माती आण. ही बघा. ताटात वाढलं ते खाते, नाही वाढलं तर विचारतसुद्धा नाही." शेजारीण म्हणायची, "भाग्य लागतं."

या सगळ्यात एकच माणूस रोज तोच प्रश्न विचारत होतं. मिरजेहून, दुपारी चार वाजता, फोनवर. केतकीची शोभाआत्या. आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, गळ्यात अजूनही मोजपट्टी विसरून बाजारात जाणारी.

"काय खावंसं वाटतंय?"

"काही नाही."

"बरं. उद्या विचारते."

पट्टी लाव म्हणणारी आत्याच होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नवव्या महिन्यात आत्याचं बाळ पोटातच गेलं होतं. सव्वाचार किलोचा मुलगा. सगळे म्हणत होते, बाई कशी गरगरीत आहे, छान मोठं बाळ होणार. साखर कोणी बघितली नव्हती. त्यामुळे केतकीच्या तपासणीत साखर वर आली, तेव्हा आत्या मिरजेहून रिक्षाने आली आणि दारातच म्हणाली, "पट्टी लावायची. चर्चा नको."

डोहाळजेवण रविवारी झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि चौरंगावर सोळा पदार्थ, त्यातले चौदा केतकीला चालणारे नव्हते. पण पट्टी होती, म्हणून कोणी काळजी केली नाही. डोहाळजेवण ज्या डोहाळ्यांसाठी करतात ते या बाईला नाहीत, ही बाब कार्यक्रमाच्या आड आली नाही. फोटोवाल्याने तिला श्रीखंडाकडे बघून लाजायला सांगितलं. ती श्रीखंडाकडे बघत राहिली. वेलची जुनी होती.

मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. जी उचलेल त्यावरून मुलगा की मुलगी. सोनोग्राफीत हे सांगणं गुन्हा आहे, वाट्यांना अजून कोणी पकडलेलं नाही.

"उचल गं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

केतकी दोन्ही वाट्यांकडे बघत बसली. दोन्ही सारख्याच होत्या. एक उचलायची म्हणजे त्यातली एक दुसरीपेक्षा जराशी तरी हवीशी वाटायला पाहिजे, आणि तेवढं जरासं काही केल्या सापडेना. अर्धं मिनिट गेलं. बायका आधी हसल्या, मग एकमेकींकडे बघू लागल्या.

"जुळं दिसतंय!" कोणीतरी वेळ मारून नेली आणि सगळ्या खदखदून हसल्या. वैजयंतीबाईंनी तिचा हात धरून डाव्या वाटीवर ठेवला. पेढा निघाला. टाळ्या पडल्या.

पाणी द्यायच्या निमित्ताने आत्या जवळ येऊन बसली. "हलतंय का?"

"हो. अकरा चाळीसला. मग बारा पाचला दोनदा."

"मी वेळापत्रक नाही विचारलं, बाळ. हललं की कसं वाटतं?"

केतकीने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "हललं असं वाटतं."

आत्याने तिच्या कपाळावर आलेलं मोगऱ्याचं फूल मागे सारलं. "घाबरली होतीस ते आठवतंय? सहाव्या महिन्यात?"

"आठवतंय. म्हणजे घाबरले होते हे आठवतंय."

"माझ्याकडे आहे ते. आवाज ठेवलाय मी." आत्या उठली. उठताना तिचा गुडघा वाजला. "आता मला विचारू नकोस काय करू म्हणून. पट्टी लाव मीच म्हटलं, आणि आजही काढ म्हणायची हिंमत नाही माझ्यात. मी घाबरलेली बाई आहे. घाबरलेल्या बाईचा सल्ला एकदाच घ्यावा."

केतकीने विचारलं नव्हतंच. विचारावंसं वाटलं नव्हतं.

मंगळवारी तपासणी होती. डॉक्टर कणबर्गी चष्म्याच्या जाडजूड भिंगांतून आलेख बघून समाधानाने हुंकारल्या. बाळाचं वजन हवं तेवढंच. पाणी हवं तेवढंच. "आठवा महिना लागेल आता. बाळंतपण झालं की पट्टी काढू. काही तक्रार?"

"नाही."

तृप्तीच्या कंपनीचे वकील सावध लोक होते. नवरा, सासू, डॉक्टर, कोणीही बाईवर पट्टी लादू नये म्हणून दर तपासणीला पडद्यावर एक प्रश्न यायचा. तो बाईने स्वतः वाचून स्वतःच उत्तर द्यायचं. 'तृप्ती थांबवण्याची आपली इच्छा आहे का?' केतकीने वाचलं. इच्छा आहे का, हे पाहिलं. नव्हती. ती खोटं लिहिणाऱ्यांतली नव्हती. खरं तेच लिहिणं हा तिचा धंदाच. तिने 'नाही' दाबलं. देशभर सत्त्याण्णव टक्के बायका 'नाही' दाबत होत्या, आणि समाधानी ग्राहकांचा हा आकडा कंपनी अभिमानाने जाहिरातीत छापत होती.

त्याच दिवशी दुपारी आत्याचा फोन आला नाही. चार वाजता नुसता एक आवाजी निरोप आला, पुढे पाठवलेला. तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

केतकीने तो चाखण्याच्या खोलीत ऐकला. कोणी दुसरीच बाई धापा टाकत बोलत होती. "आत्या, अगं सकाळपासून हललंच नाहीये. म्हणजे रोज या वेळेला हलतं ना, आज नाही. मी डाव्या कुशीवर पडलेय. निनाद म्हणतो झोपलं असेल. मला भीती वाटतेय गं. तुझं झालं तसं... नको, बोलत नाही. आणि हसू नकोस, पण या भीतीतसुद्धा मला भडंग खावंसं वाटतंय. आमचं नाही, चौकातल्या गाड्यावरचं, तो मेला लसूण जाळतो ते. कोणाला सांगू नकोस, नोकरी जाईल. थांब... आत्या! हललं! हललं गं! लाथच मारली! अगं, ऐकतेयस का?" आणि मग हसणं का रडणं ते न कळणारं काहीतरी.

केतकीने दोनदा ऐकलं. तिला वाईट वाटलं नाही. पण सहा वर्षं तिने एकच काम केलं होतं, आणि ते काम काही वाटण्यावर चालत नव्हतं.

कारखान्यात प्रत्येक मालाची एक पिशवी सीलबंद करून कपाटात ठेवायचे. राखीव नमुना. नवा माल आला की तो राखीव नमुन्याशी ताडून बघायचा, तीन वाट्यांत: दोन एका मालाच्या, एक दुसऱ्याची, आणि कोणती कोणाची हे चाखणाऱ्याला न सांगता. चाखणाऱ्याने वेगळी वाटी अचूक ओळखली तर माल बदललाय. बदललाय तर लाइन बंद. चार वर्षांपूर्वी हिंगाच्या पायी केतकीने दीड दिवस लाइन बंद ठेवली होती. साहेब तेव्हा तिच्यामागे हात जोडून फिरले होते, "अहो मॅडम, एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही!" त्यावर तिने स्वतःच्या हाताने नियम लिहून भिंतीवर चिकटवला होता, तो अजून होता: 'तक्रार नसणे म्हणजे माल बरोबर असणे नव्हे. नमुना जुळत नसेल तर लाइन थांबवावी. आवडीचा प्रश्न नाही.'

तिने नसीमला बोलावलं. नसीम तिची मदतनीस. कामाला लागून महिनाच झाला होता. तृप्तीच्या आधीची केतकी तिने पाहिलेली नव्हती.

"तीन आवाज लावते. वेगळा कोणता ते सांग."

"आवाज? खायचे नाहीत?"

"नाहीत."

पहिला निरोप परवाचा: 'आत्या, जेवले. काही खावंसं वाटत नाही. ठीक आहे.' दुसरा तो भीतीचा. तिसरा गेल्या आठवड्यातला: 'आत्या, साडीचा रंग कुठलाही चालेल. ठीक आहे.' नसीम डोळे मिटून ऐकत होती, तिला शिकवलं होतं तशी. दुसऱ्याच्या शेवटी तिच्याही तोंडावर हसू आलं.

"मॅडम, पहिला नि तिसरा तुम्ही आहात. दुसरा वेगळाय." तिने डोळे उघडले. "कोण आहे ही? भारीय बाई."

केतकीने तक्त्यावर नोंद केली. चाचणी: तीन नमुने. निकाल: वेगळा ओळखला. मग ती भिंतीवरच्या कागदाकडे बघत थोडा वेळ बसली. पुढे काय करायचं ते तिथे लिहिलेलं होतं, आणि तिच्याच अक्षरात होतं.

"तुमची इच्छा आहे का काढायची?" डॉक्टर कणबर्गींनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"नाही."

"मग?"

"काढायची आहे."

डॉक्टरांनी भिंगं उतरवली. केतकीने तक्ता समोर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, परत वाचला.

"हे बघा केतकी, माझ्याकडे पस्तीस बायका आहेत तृप्तीवर. एकीचीही तक्रार नाही."

"माझीही नाही."

"पट्टी काढली तर पुन्हा बोट टोचायचं, रोज चारदा. जेवणाआधी इन्शुलिन. साखर वर गेली तर बाळाला त्रास. आणि खावंसं वाटणार, आणि ते खायचं नाही. कळतंय का? आत्ता तुम्ही सुखात आहात."

"कळतंय. सगळं बरोबर आहे तुमचं."

"मग त्या प्रश्नाला 'होय' दाबा की! खोटं तर खोटं. कोण विचारतंय?"

केतकीने त्यावर विचार केला. "खोटं बोलायलासुद्धा काहीतरी हवं असावं लागतं, मॅडम."

बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. मग त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला. खाली वैद्यकीय कारणांची यादी होती: पुरळ, ताप, सूज, इतर. त्यांनी 'इतर' उघडलं आणि एका बोटाने टाइप केलं: नमुना जुळत नाही.

"यातला धोका मी तुम्हाला सांगितलाय," त्या म्हणाल्या. "आणि रोजचे आकडे मला कळवायचे. रोज म्हणजे रोज. आणि दोन तासांत बाळ दहा वेळा हललं नाही, तर फोन नाही करायचा, सरळ इथे यायचं."

"आता काय अवदसा आठवली हिला!" वैजयंतीबाई देवघरातून म्हणाल्या. "सोन्यासारखं चाललेलं!"

निनाद फोन हातात घेऊन उभा होता. हिरवी चौकट करडी झाली होती. "पण का?" त्याने विचारलं. "तुला काही त्रास होता का? मला सांगायचंस ना."

"त्रास नव्हता."

"मग आपलं इतकं छान चाललं होतं..." तो थांबला. आपण कशाला छान म्हणतोय ते त्याच्या त्याला ऐकू आलं असावं. त्याने फोन खिशात टाकला आणि विचारलं, "टोचायचं यंत्र मी आणू का?"

यंत्र आत्याने आणलं. ती दोन पिशव्या घेऊन संध्याकाळी हजर झाली: एकीत कपडे, दुसरीत वजनकाटा, मापाची स्टीलची वाटी आणि साखरेची वही. मोजपट्टी गळ्यात होती. "विहीणबाई, महिनाभर राहीन," तिने जाहीर केलं. "माझ्या चहात साखर घालू नका, आणि हिच्या ताटाला हात लावू नका."

औषध अंगातून उतरायला आठेक दिवस लागतात, असं सांगितलं होतं. केतकीने कामावरून रजा घेतली होती. त्या दिवसांत काहीच घडलं नाही. केतकी बोट टोचत होती, सुई घेत होती, दीड भाकरी खात होती, जेवणानंतर अंगणात वीस मिनिटं चालत होती आणि आत्या घड्याळ धरून मागे चालत होती. एकदा साखर एकशे एकेचाळीस आली, हवी त्याहून जास्त. वैजयंतीबाईंनी कपाळावर हात मारला. आत्याने संध्याकाळची अर्धी भाकरी कमी केली आणि चालायची दहा मिनिटं वाढवली. चार वाजता, समोरच बसलेली असून, ती विचारायची, "काय खावंसं वाटतंय?"

"काही नाही."

"बरं."

नवव्या दिवशी दुपारी जेवण होऊन तास झाला होता. केतकी वहीत हालचालींच्या रेघा ओढायला बसली. या वेळेला रोज चार-पाच रेघा व्हायच्या. पंधरा मिनिटं गेली. एकही नाही. तिने वेळ लिहिली. आणखी दहा मिनिटं. पेन ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं.

हात गार पडले होते. तिला ते आधी नुसतं दिसलं, हात गार आहेत म्हणून. मग छातीत काहीतरी जोरात आपटायला लागलं. ती पलंगावर डाव्या कुशीला कलंडली, पोटावर दोन्ही हात घट्ट दाबून. आणि मग ते एकदम आलं, एकेचाळीस दिवसांचं आणि त्यानंतरच्याही दिवसांचं, सगळं एकत्र.

"आत्या!" ती ओरडली. "आत्या, ये इकडे! हलत नाहीये गं! मला भीती वाटतेय!"

आत्या हातातलं शिवण टाकून धावली. तिने काही विचारलं नाही. पलंगाच्या कडेला बसून तिने केतकीच्या हातावर हात ठेवला. तोही गारच होता. "गाडी काढायला सांगा निनादला," ती दाराकडे बघून म्हणाली, आणि तोवर कधी नव्हे त्या वैजयंतीबाई अनवाणी धावल्या.

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एवढा मोठा आहे हे केतकीला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं.

आणि मग आतून एक ढुशी आली. बारीक, कुशीवर झोपलेल्या माणसाने पांघरूण ओढावं तशी. मग एक चांगली सणसणीत.

"हललं," केतकी म्हणाली आणि आत्याचा हात आवळून ढसाढसा रडू लागली. "हललं गं आत्या. मेल्याने लाथ मारली."

"मोज," आत्या म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे वाहत होते. "रडता रडता मोज."

चाळीस मिनिटांत दहा झाल्या. डॉक्टर कणबर्गींनी तरीही बोलावून घेतलं, ठोके ऐकले, आणि परत पाठवलं. घरी आल्यावर आत्याने बोट टोचलं. एकशे नऊ. तिने आकडा वहीत लिहिला, मग केतकीकडे बघितलं. चार वाजून गेले होते.

"काय खावंसं वाटतंय?"

केतकीने नाक पुसलं. "चौकातल्या गाड्यावरचं भडंग," ती म्हणाली. "आणि हसायचं नाही."

निनाद चप्पल न घालताच पळाला. पुडी आली. आत्याने स्टीलच्या वाटीने मोजून अर्धी वाटी काढली, वर मूठभर भाजलेले शेंगदाणे घातले, उरलेलं भडंग वैजयंतीबाईंच्या ताब्यात दिलं आणि म्हणाली, "कपाटात. कुलूप."

केतकीने पहिला घास घेतला. लसूण तीन मिनिटं जास्त तळला होता, मिठाचं प्रमाण बेतालच होतं, आणि तेल आजचं नव्हतं. यातलं काहीही कुठल्याही नमुन्याशी जुळलं नसतं.

"कसं आहे?" आत्याने विचारलं.

"जळलंय," केतकी म्हणाली, आणि रिकामी वाटी पुढे केली.

"नाही मिळणार," आत्या म्हणाली.

"माहितीये," केतकी म्हणाली. वाटी मात्र तिने मागे घेतली नाही.